‘मोजून घ्या’ म्हणणाऱ्या बाई

मोहिते बाईंना ‘सर्वानुमते’ हा शब्द ऐकवत नसे. वाडीच्या मीटिंगमध्ये कुणी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं म्हणालं, की त्या खुर्चीतून अर्धवट उठायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, “सर्वानुमते म्हणजे नक्की कोण कोण? मोजून घ्या.” मग नाइलाजानं हात वर व्हायचे. त्यातही कुणी खांद्यापर्यंतच हात उचलला तर, “पूर्ण वर कर. मत आहे ना तुला? मग लाजतोस कशाला?” एवढी माणसं एकाच मताची असूच शकत नाहीत, असं त्यांचं ठाम म्हणणं. ‘सर्वानुमते’ लिहिलेलं दिसलं की समजायचं, कुणीतरी गप्प बसलंय.

लालबागला सुरंगीच्या वाडीत आमच्या नऊ चाळी होत्या. पुढच्या पाच लहान, रस्त्याला लागून. त्यांच्या मागे सहा, सात आणि आठ या तीन चार-मजली, माणसांनी भरलेल्या. आणि एकदम मागे, गिरणीच्या जुन्या भिंतीला टेकून, नववी, सगळ्यात लहान. पहिल्या आठ चाळींत बहुतेक आम्ही मालवण-राजापूरकडचे. नवव्या चाळीतली सगळी घरं बौद्ध. बाई तिथल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर फार काळ राहिले नाहीत. बाईंनी महापालिकेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि त्या पगारावर सुजाताला, म्हणजे त्यांच्या मुलीला, नर्स केलं.

मी चौथ्या चाळीतली. शाळेत बाईंची विद्यार्थिनी, पुढे विमा कंपनीत नोकरी, आणि ‘तू शिकलेली आहेस, तूच जा’ म्हणून चाळीची प्रतिनिधी झालेली. त्यामुळे बाईंना मी फळ्यासमोरही पाहिलं आणि अंगणातल्या सभेतही. दोन्हीकडे त्या तशाच. उंच, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला, आवाज कोरडा. चहा कोरा, बिनसाखरेचा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी पर्समध्ये खडू असायचाच. अंगणातल्या फरशीवर, जिन्याच्या कठड्यावर, एकदा तर पाण्याच्या टाकीवर त्यांनी खडूनं आकृती काढून भांडण मिटवलं होतं. डावा गुडघा दुखायचा. सुजाता म्हणायची, जिने चढू नकोस. त्यावर बाई म्हणायच्या, “गुडघ्याला विचारून कुणाकडे जायचं म्हटलं तर मी घरातच बसेन.”

नागरिकशास्त्र हा विषय आमच्याकडे वीस मार्कांचा आणि इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. बाकीच्या शाळांत तो परीक्षेच्या आधल्या आठवड्यात उरकायचे. बाईंनी तो आमच्या अंगावर सोडला. वर्गाचा मॉनिटर पहिल्या नंबराच्या मुलाला करायचा, अशी शाळेची पद्धत. बाई वर्गशिक्षिका झाल्या त्या वर्षी त्यांनी ती मोडली. चिठ्ठ्या वाटल्या, तिघं उभे राहिले, मतं पडली. संजय नावाचा दांडगट मुलगा सगळ्यात पुढे. त्याच्या मित्रांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, “थांबा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तरी याला मत दिलंय का?”

नव्हतं दिलं. उरलेली मतं दोघांत फुटली होती.

“म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना हा नकोय, पण हाच मॉनिटर होणार. चालेल?”

मग शेवटच्याला बाजूला करून पुन्हा चिठ्ठ्या झाल्या आणि मंगल नावाची अबोल मुलगी जिंकली. संजय रडला. ‘बाईंनी चीटिंग केली’ म्हणून घरी सांगितलं, त्याची आई शाळेत आली. बाईंनी तिलाही बाकावर बसवून फळ्यावर सगळं मांडून दाखवलं. त्याच्या आईला पटलं की नाही माहीत नाही, पण ती जाताना म्हणाली, “आमच्या गावच्या सरपंचाचं पण असंच झालंय.”

आता अण्णा परबांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय बाईंची गोष्ट पूर्ण होत नाही. अण्णा नऊ चाळींच्या महासंघाचे अध्यक्ष. मंडप डेकोरेशनचा धंदा, पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ आणि मोठा, मोकळा आवाज. वाईट माणूस मुळीच नव्हता. कुणाच्या घरी माणूस गेलं की सगळ्यांत आधी अण्णांचे बांबू यायचे आणि बिल कधीच यायचं नाही. कितीतरी वर्षं तेच अध्यक्ष होते. पद्धत अशी, की प्रत्येक चाळीनं एक प्रतिनिधी निवडायचा आणि नऊ प्रतिनिधींनी बसून अध्यक्ष निवडायचा. पहिल्या चाळीलाही एक मत आणि तिच्या चौपट माणसं असलेल्या आठव्या चाळीलाही एकच. चाळीत मतदान व्हायचं तेही घराला एक, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचं. पाच प्रतिनिधी खिशात असले की झालं. ते पाच अण्णांना सांभाळता येत.

वाडीत बोअरवेल मारायची की नाही, गणपतीला लाउडस्पीकर किती वाजता बंद करायचा, एवढंच ठरवायचं होतं तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग पुनर्विकास आला. विकासकाबरोबर करार करायचा अधिकार अध्यक्षाकडे. अण्णांनी जे ठरवत आणलं होतं त्यात पुढच्या पाच चाळींना आधी घरं मिळणार होती, तोवर जवळच ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरांत राहायचं. नववी चाळ लहान म्हणून तिलाही त्यांच्यातच धरलं होतं. सहा, सात, आठ मात्र दूर कुठेतरी हलणार, आणि परत कधी यायचं त्याची तारीख नाही. म्हणजे वाडीतली निम्म्याहून अधिक माणसं.

त्या वर्षी अण्णांच्या विरोधात सातव्या चाळीचा सुधाकर शिगवण उभा राहिला. बेस्टमध्ये कंडक्टर, तोंडानं तिखट, पण हिशेब स्वच्छ. मागच्या तिन्ही चाळी त्याच्या. आमची घरं आधी होणार असली तरी त्याच्या हिशेबाच्या भरवशावर माझ्या चाळीनंही मला सांगून पाठवलं, शिगवणला मत दे. पाचव्या चाळीनं बाबल्या राणेला हेच सांगितलं होतं. मीटिंगला बसलो, मतं झाली, आणि अण्णा पाच विरुद्ध चारनं जिंकले. बाबल्यानं ऐन वेळी मत फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाचव्या चाळीच्या ओट्यावर. बाबल्या दात घासत होता.

“बाबल्या, तुला तुझ्या चाळीनं निरोप देऊन पाठवलं होतं की अधिकार देऊन?”

“म्हणजे काय बाई?”

“निरोप असेल तर तो जसाच्या तसा पोचवायचा. अधिकार असेल तर तो दिला कुणी, ते सांग.”

“अण्णांनी समजावलं मला. चाळीचं भलं कशात आहे ते बघायला नको?”

“बघ ना. पण मग चाळीत परत येऊन सांगायचं, मला असं वाटतं, तुम्ही काय म्हणता. तू तर त्यांना विचारलंच नाहीस.”

ओट्यावर माणसं जमली. पाचव्या चाळीतल्या बायका बाबल्याला बोलायला लागल्या. बाईंनी त्यांना थांबवलं. “याला नका बोलू. हा एक माणूस आहे. उद्या दुसरा बसवाल, त्यालाही कुणीतरी समजावेल. नऊ माणसांना समजावणं सोपं असतं. सगळ्या वाडीला समजावायला लागलं पाहिजे.”

तिथून सुरू झालं. अध्यक्ष थेट वाडीनं निवडायचा. प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत, बाईलाही, सासूलाही, सुनेलाही; “मत घराला नसतं, घरातल्या माणसाला असतं.” आणि निवडून यायला निम्म्याहून जास्त मतं हवीत, कुणालाच नाही मिळाली तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. त्यासाठी महासंघाच्या घटनेत दुरुस्ती करायची. बाई संध्याकाळी निघायच्या, एकेक जिना चढायच्या. दार उघडणारा म्हणायचा, बाई, आत या, पंख्याखाली बसा. त्या उंबऱ्यातच उभ्या राहायच्या. आत बसलं की चहा होतो, चहा झाला की विषय बदलतो, असं त्यांचं मत.

सगळ्यांत अवघड दार निघालं ते त्यांच्याच चाळीतलं. नवव्या चाळीचे प्रतिनिधी तांबेकाका. बाईंच्या यजमानांचे मित्र, दोघं एकाच खात्यात कामाला होते. त्या दिवशी मी बाईंबरोबर होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “वहिनी, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय.”

“कसा?”

“एप्रिलमध्ये जयंतीला मंडप कुठे पडतो आपला?”

“अंगणात.”

“आपण लहान होतो तेव्हा कुठे पडायचा? भिंतीलगत, गटाराच्या कडेला. अंगणात कधी आला? अण्णांना पाचवं मत कमी पडायला लागलं तेव्हा. मी सांगितलं, मंडप अंगणात असेल तर मत. तो स्वतः बांबू घेऊन आला. आज नऊत आपलं एक मत आहे. उद्या माणसं मोजलीत तर आपण किती? कोण विचारणार आहे आपल्याला? त्यात पहिल्या यादीत घरं मिळतायत. तीही घालवा.”

बाई उठल्या. मी त्यांना उत्तर न देता उठताना पहिल्यांदा पाहिलं. पुढे काही दिवस त्या कुठल्याच चाळीत गेल्या नाहीत. शिगवण मला विचारायचा, बाई थंड का पडल्या? सुजातानं सांगितलं, आई गॅलरीत बसून असते, जेवतानाही बोलत नाही. मला वाटलं, संपलं.

एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. समोर कोऱ्या चहाचा कप, अर्धा गार झालेला.

“तांबे बरोबर बोलतात,” त्या म्हणाल्या. “त्यांचं उत्तर मिळेपर्यंत कुठल्या तोंडानं मत मागणार?”

“मग सोडून द्यायचं?”

“सोडायचं कशाला? मी दोन गोष्टींची एक मोट बांधत होते, तिथे चुकत होतं. अध्यक्ष कोण, हे बहुमतानं ठरवायचं. पण अंगण कुणाचं, नळ कुणाचा, हॉल कुणाला मिळणार, हे बहुमतानं ठरवायचं नाही. ते आधीच लिहून ठेवायचं. आणि ज्या चाळीचा हक्क असेल तिनं हो म्हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, मग बाकीची सगळी वाडी एका बाजूला का असेना. आमच्या चाळीला ते अण्णांच्या मेहेरबानीवर मिळालंय. मला ते मेहेरबानीवर नकोय.”

“आणि पहिल्या यादीतलं घर?”

बाईंनी गार चहा बाजूला सारला. “ते जाईल कदाचित. आठव्या चाळीतली माणसं जेव्हा येतील तेव्हा आपणही येऊ.”

पुन्हा तांबेकाकांकडे गेल्या. हक्कांचा ठराव आधी, निवडणुकीचा नंतर. पहिला पडला तर दुसरा मी स्वतः मागे घेईन, असा शब्द दिला. काकांनी सभेच्या मागणीचा कागद जवळ ओढला. मग म्हणाले, “तुमच्या मोहित्यांनी पण संपात असंच केलं होतं. गिरणीत पुन्हा कामावर घ्यायला लागले तेव्हा स्वतःची पाळी आलेली असताना दुसऱ्याला आत पाठवला.” त्यांनी सही केली.

अण्णा सर्वसाधारण सभा बोलवायला तयार नव्हते. पण ठरावीक सभासदांनी लेखी मागणी केली तर बोलवावीच लागते, आणि सह्या त्याहून कितीतरी जास्त झाल्या. अण्णांनी बाईंना मंडपाच्या गोडाऊनमध्ये बोलावून घेतलं; मीही सोबत गेले.

“बाई, तुमका काय होया तां सांगा मरे. प्रतिनिधी व्हायचा हा? करतंय. उपाध्यक्ष?”

“मला मतदान पाहिजे, अण्णा.”

“माज्याविरुद्ध?”

“तुमच्याविरुद्ध नाही. तुमच्यासाठीसुद्धा. तुम्ही एवढे लोकांचे लाडके आहात, तर लोकांपुढे जायला भिता कशाला?”

अण्णा यावर चिडले. मी त्यांना बाईंवर आवाज चढवताना एवढी एकच वेळ पाहिलं. पण सभेची तारीख त्यांनी लावली.

रविवारची सकाळ, अंगणात अण्णांच्याच खुर्च्या, अण्णांचाच माइक. अध्यक्षस्थानी अण्णा. मागच्या चाळींतल्या बायका पहिल्यांदाच इतक्या संख्येनं सभेला आल्या होत्या, जिन्यावर, कठड्यावर, जागा मिळेल तिथे. अण्णांनी भाषण केलं आणि चांगलं केलं. म्हणाले, लहान चाळींना आज आवाज आहे तो या पद्धतीमुळे, उद्या मोठ्या चाळी गर्दीच्या जोरावर सगळं ओढून नेतील, मग पुढच्या पाच चाळींनी आणि नवव्या चाळीनं जायचं कुठे? टाळ्या पडल्या.

बाई माइकपाशी आल्या. “अण्णा बोलले ते खरं आहे. म्हणून माझा पहिला ठराव त्याचसाठी आहे.” त्यांनी हक्कांचा ठराव वाचला. त्यात कुणाच्याच पोटात दुखण्यासारखं काही नव्हतं. तो मोजून मंजूर झाला. मग त्या म्हणाल्या, “आता दुसरा. त्याआधी नऊ प्रतिनिधींनी जरा पुढे येऊन उभं राहावं.”

आम्ही उठलो. मी, बाबल्या, तांबेकाका आणि बाकीचे. खुर्च्यांसमोर रांगेत उभे राहिलो. बाई आमच्याकडे पाठ करून वाडीला म्हणाल्या, “बस. बाकी सगळ्यांनी घरी जावं.”

कुणी हललं नाही.

“जा ना. अध्यक्ष कोण, करार काय, तुम्ही कुठे राहायला जाणार, कधी परत येणार, हे नऊ जण ठरवतील. तुमचं काम संपलं. स्वयंपाकाला उशीर होतोय.”

आठव्या चाळीच्या पार्वती घाग जिन्यावरून ओरडल्या, “अहो, आम्ही का जाऊ? घर आमचं आहे!”

“मी वर्षभर हेच विचारतेय, पार्वतीताई.”

त्यानंतर माइकवर कुणाचंच काही ऐकू येईना. गलका शांत झाल्यावर मतदान झालं, हात वर करून. दोन-तृतीयांश हवे होते. मोजायचं काम अध्यक्षाचं. अण्णा रांगांमधून फिरले, प्रत्येक हात मोजला, जिन्यावर चढून वरचेही मोजले. दोन वेळा मोजलं. इच्छा असती तर गडबड करणं अवघड नव्हतं. ते माइकपाशी आले, घाम पुसला आणि म्हणाले, “ठराव मंजूर.” बाईंनी त्यांना हात जोडले.

मग निवडणूक लागली. शिगवण, अण्णा आणि तिसरा रूपेश गुरव. हा तरुण, नाक्यावर जिम चालवणारा. त्या दिवसांत जे बघायला मिळालं ते आमच्या वाडीनं कधी बघितलं नव्हतं. अण्णा परब आठव्या चाळीचा चौथा मजला चढले. पार्वती घागांनी दार उघडलं, तर हे कठड्याला धरून धापा टाकतायत.

“अण्णा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर आलात हो,” त्या म्हणाल्या.

“पाणी दी गो आधी.”

पाणी पिऊन ते तिथेच बसले आणि मजल्यावरच्या बायकांनी त्यांना घेरलं. तारीख का नाही? लांब का? म्हाताऱ्या माणसांनी दवाखान्यात यायचं कसं? अण्णा ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, सातव्या चाळीत गेले, सहाव्यात गेले. आठवड्याभरात त्यांनी विकासकाला जाऊन सांगितलं की करार असा नाही होणार. सगळ्या चाळी एकाच वेळी उठतील, एकाच भागात राहतील आणि घरांची सोडत एकत्र निघेल. शिगवण नेमकं हेच दोन वर्षं सांगत होता. पण शिगवण कुणाच्या दारात गेला नाही. त्याला वाटलं, मागच्या चाळी आपल्याच आहेत.

पहिल्या फेरीत शिगवण पुढे, अण्णा जवळच, रूपेश तिसरा. शिगवणच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली. बाई मतमोजणीच्या टेबलापाशी होत्या. म्हणाल्या, “माळ विझवा. निम्मे झालेले नाहीत.”

शिगवणचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी दुसरी फेरी झाली आणि अण्णा सरळ बहुमतानं निवडून आले.

मी बाईंच्या घरी होते तेव्हा शिगवण आला. चपला न काढता दारात उभा.

“काय मिळवलंत बाई? तुमचा तो निम्म्याचा नियम नसता तर मी आज अध्यक्ष होतो.”

“होतास.”

“मग? मी तुमच्यासाठी वाडीभर वाईटपणा घेतला. तोच माणूस परत बसला!”

“आत ये, बस.”

तो बसला नाही.

“सुधाकर, दोन्ही वेळा माझं मत तुलाच होतं,” बाई म्हणाल्या. “पहिल्या रविवारी घरी आले तेव्हा मलाही वाटलं, कशाला घातली ही अट? सुजाताला विचार, जेवले नाही मी. पण तू जिंकावास म्हणून नियम केला नव्हता. तसा केला असता तर बाबल्यात आणि माझ्यात फरक काय?”

“तो माणूस तोच आहे बाई.”

“आठव्या चाळीत जाऊन विचार, तोच आहे का. आधी त्याला पाच दारं माहीत होती.”

शिगवण निघून गेला. वर्षभर बाईंशी बोलला नाही. समोरून आल्या की मान फिरवायचा. बाईंना ते लागायचं. कुणासमोर बोलून दाखवायच्या नाहीत, पण सणाला डब्यातून काही पाठवायचं झालं की सुजाताला सांगायच्या, सातव्या चाळीत आधी दे.

वाडी रिकामी झाली ती सगळी एकदमच. आम्हाला सगळ्यांना वडाळ्याला ट्रान्झिटच्या दोन इमारती मिळाल्या. जुन्या भिंती पाडल्या त्या दिवशी बाई बघायला गेल्या नाहीत; नव्या इमारतीत कुणाच्या घरात प्रकाश येत नाही ते बघत फिरत होत्या. त्या एप्रिलमध्ये जयंतीचा मंडप दोन इमारतींच्या मधोमध पडला. अण्णांनी बांबू दिले, आणि तांबेकाकांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच बिल मागितलं आणि चुकतं केलं.

पुढच्या निवडणुकीत अण्णा उभे राहिले नाहीत. तब्येत साथ देईना. रूपेश उभा राहिला आणि त्याच्यासमोर कुणीच नाही. बिनविरोध होणार, असं सगळे म्हणायला लागल्यावर बाईंनी स्वतः अर्ज भरला. आम्ही सगळ्यांनी समजावलं. वय झालंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि हरणार हे तर उघड. “हरेन ना,” त्या म्हणाल्या. “पण त्याला कुणीतरी चार प्रश्न विचारलेले असतील.” त्यांनी ते विचारलेही, लिफ्टपासून पाण्याच्या पंपापर्यंत, सगळ्यांसमोर. रूपेश मोठ्या फरकानं जिंकला. मतमोजणीनंतर शिगवण आपणहून त्यांच्याजवळ आला आणि त्यांचा हात धरून त्यांना घरापर्यंत सोडून आला. दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच बाई गेल्या. मी तेव्हा वडाळ्यात नव्हते, नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकला गेले होते. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन राहिलं ते निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी सामानाची व्हॅन बघायला मी खाली उतरत होते. लिफ्ट बंद होती. पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मधल्या वळणावर बाई भेटल्या. वर चढत होत्या, एका हातानं कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

“बाई, कुठे निघालात?”

“सहाव्या मजल्यावर. रूपेशकडे.”

मला वाटलं, अभिनंदन करायला. “अहो, तोच खाली येईल की. कालच तर तुम्ही…”

“काल निवडणूक होती. आज तो माझा अध्यक्ष आहे,” त्या म्हणाल्या, आणि श्वास घ्यायला थांबल्या. “तळमजल्यावरच्या तिन्ही घरांत सकाळपासून गढूळ पाणी येतंय. माझ्यासमोर टाकी उघडून बघेल तो.”

मी त्यांच्याबरोबर वर जायला वळले. त्यांनी हातानंच मला खाली पिटाळलं. तुझी व्हॅन उभी आहे, जा. मी दोन पायऱ्या उतरून थांबले. त्या सहाव्या मजल्यावर पोचल्या, पदर नीट केला आणि बेल दाबली. आतून कुणी आलं नाही. त्या जरा थांबल्या, आणि पुन्हा दाबली.